मुलीसारखी की मुलगी? : बिमल रॉय आणि त्यांचा 'सुजाता'

मागे आमच्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यांकडे मुलाच्या मुंजीचे आमंत्रण होते. आठ-नऊ वर्षे एका कचेरीत काढलेली, दुपारचा डबाही एकत्रच. त्यांनी पाहुण्यांशी आमची ओळख करून दिली, "हे आमच्या घरच्यासारखेच." त्यांच्या मनात खोट नव्हती, हे आम्ही जाणतो. तरी परत येताना तो 'सारखेच' कानात घोळत राहिला आणि शाळेत असताना दूरदर्शनवर पाहिलेला 'सुजाता' (१९५९) आठवला. त्यात सुजाताला लहानाची मोठी करणारी चारू आल्यागेल्याला सांगते की, ही आमच्या मुलीसारखी आहे. मुलगी आहे, असे ती म्हणत नाही. एवढ्याशा शब्दयोगी अव्ययावर बिमल रॉय यांनी अख्खा चित्रपट उभा केला.

हा दिग्दर्शक जन्माने जमीनदारांपैकी होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. १२ जुलै १९०९ रोजी पूर्व बंगालात, आजच्या बांगलादेशातील ढाक्याजवळ सुआपूर येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या निधनानंतर कारभाऱ्याने इस्टेट बळकावली आणि कुटुंब कलकत्त्यास आले. तेथे न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांच्या हाताखाली ते कॅमेऱ्याचे काम शिकले. प्रमथेश बरुआ यांच्या 'देवदास'चे छायाचित्रण त्यांनी केले, आणि १९४४ च्या 'उदयेर पथे'ने ते दिग्दर्शक म्हणून नावारूपास आले. पुढे बंगालचा चित्रपट-धंदा ढासळला, तेव्हा १९५० च्या सुमारास ते आपली माणसे घेऊन मुंबईस आले. हृषीकेश मुखर्जी, नवेंदु घोष, सलील चौधरी ही मंडळी त्यांच्या अवतीभवतीच हिंदी चित्रपटात रुजली.

'दो बीघा जमीन' (१९५३) आमच्यासारख्या बँकेत खाती लिहिणाऱ्याने पाहावाच. शंभू महतोच्या हिशेबाने जमीनदाराचे देणे पासष्ट रुपये. वहीत मात्र ते दोनशे पस्तीस निघते. त्याला वाचता येत नाही, आणि कोर्ट वहीवर विश्वास ठेवते. मुदत मिळते तीन महिन्यांची. शंभू कलकत्त्यास जाऊन हातरिक्षा ओढतो. बलराज साहनी यांनी या भूमिकेसाठी खरोखरच रिक्षा ओढण्याचा सराव केला होता. शेवटी जमीन जाते आणि तिच्यावर गिरणी उभी राहते. अंगठ्याची किंमत काय असते, हे ज्या घरांत माहीत आहे त्यांना हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. १९५४ मध्ये कान महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. फिल्मफेअरचे उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक बिमलदांनी एकंदर सात वेळा मिळवले. त्यातले पहिले याच चित्रपटाचे.

आपल्या सभासदांपैकी थोड्यांनाच माहीत असेल की, भगवान बुद्धांच्या अडीच हजाराव्या जयंतीच्या काळात तयार झालेल्या 'गोतम द बुद्ध' या माहितीपटाचे निर्माते बिमल रॉय होते. दिग्दर्शन राजवंश खन्ना यांचे. १९५७ च्या कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला.

त्यानंतर दोन वर्षांनी 'सुजाता'. कथा सुबोध घोष यांची. साथीत आईबाप गेलेली अस्पृश्य मुलगी इंजिनियर उपेन्द्रनाथांच्या बंगल्यावर येते आणि तेथेच राहते. तिला नाव मिळते सुजाता, म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता आपल्याला परिचित आहेच. घरची मुलगी रमा कॉलेजात जाते. सुजाता घरकाम करते, बाग सांभाळते. मारझोड नाही, उपासमार नाही, फक्त वही-पेन्सिल नाही. आमच्या मते चित्रपटातील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, आणि त्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. चित्रपटात रवींद्रनाथांची 'चांडालिका' येते. आनंद चांडाळकन्येकडे पाणी मागतो, ती आपली जात सांगते, तो पाणीच मागतो. ही कथा मूळची बौद्ध वाङ्मयातली.

पण आमची एक तक्रार आहे. आपण कोण हे कळल्यावर जीव द्यायला निघालेल्या सुजाताला बराकपूरच्या गांधी घाटावर धीर मिळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले, याचा मागमूस १९५९ च्या या चित्रपटात नाही. पुढे चारू जिन्यावरून पडते, रक्त हवे असते, आणि रक्तगट जुळतो तो सुजाताचाच. मग 'सारखी' गळून पडते. रक्ताला जात नसते, हे दाखवायला प्रसंग चांगला आहे. परंतु वीस वर्षे ज्या मुलीने घर सावरले तिला मुलगी ठरायला बाटलीभर रक्त का द्यावे लागावे? तिचा रक्तगट जुळला नसता तर? बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवले होते की, जातीवर खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याआड येते ते शास्त्रांचे पावित्र्य. सुजाता आणि ब्राह्मण अधीर यांच्या विवाहापर्यंत चित्रपट हिमतीने जातो. शास्त्रांना मात्र तो हसून सोडून देतो.

तक्रार असूनही आम्ही तो पुन्हा पुन्हा पाहतो, त्याचे कारण बिमलदांचा संयम. नूतन कमी बोलते आणि सगळे कळते. त्या कामाबद्दल तिला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढे 'बंदिनी' (१९६३) हे दोघांचे आणखी एक मोठे काम. जानेवारी १९६६ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी बिमलदा गेले.

बंगाली घराच्या या गोष्टीतील चारही प्रमुख स्त्रिया आपल्या मराठी मुलखाच्या. सुजाता नूतन, चारू सुलोचना, सोवळ्याओवळ्याची बुआ ललिता पवार, आणि रमा सोलापूरची शशिकला. पुढे खलनायिका म्हणून गाजलेली शशिकला येथे निर्मळ हसते. चारूची जीभ ज्या शब्दाशी अडखळते, तो रमाला कधी लागतच नाही. सुजाता तिची बहीणच असते.