जुन्या मोटारीच्या रेडिएटरांतील पाणी

उन्हाळ्यांत जुनी जीप वाफ सोडूं लागली, म्हणजे बारामती-इंदापुराकडील मालक जवळच्या विहिरीची घागर आणून तींत ओततो. आम्हींही वर्षानुवर्षें हेंच केलें व शेवटीं इंजिनाचें हेड वांकडें करून घेतलें. १८८५ सालीं सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याखालील पुष्कळ विहिरींचें पाणी मचूळ आहे. त्यांतील चुन्याचा थर बंबाप्रमाणें रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो, आणि क्षारांनीं लोखंड कुजतें. ज्या पाण्यानें जमीन खारवते, तें इंजिनास मानवेल कसें?

यास्तव विहिरीचें पाणी वर्ज्य करून कूलंट घालावें, व तेंही सुमारें २ वर्षांनीं बदलावें. इंजिन पूर्ण थंड असतांनाच झांकण काढावें. तापलेलें असल्यास कढत पाणी तोंडावर उसळतें. घाई करणारे गडी येथेंच भाजतात. रेडिएटरची खालची तोटी सोडावी. इंजिनाच्या अंगासही तोटी असल्यास तीही उघडावी, नाहींपेक्षां बराच गाळ आंतच राहतो. निवळ पाणी येईपर्यंत धुवावें. नंतर कूलंट व बॅटरीचें पाणी समभाग घालावें. तयार मिश्रण आणलें असल्यास पाणी मिळवूं नये. आपणांकडे बर्फ कोठें पडतें, असें कित्येक म्हणतात. परंतु या द्रव्यानें पाणी उशिरा उकळतें व गंज आवरतो, हाच येथें खरा लाभ. झांकण उघडें ठेवून इंजिन चालवावें. बुडबुडे निघून पातळी उतरली, कीं भर घालावी.

काढलेलें द्रव्य चवीस गोड पण विषारी असतें. कुत्रीं, वासरें तें चाटून मरतात. तें पाटांत न ओततां बंद डब्यांत भरून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावें.