भोक पडलं, चकती अडकली!

फळीला नळाएवढं गोल भोक पाडायचं असेल, तर होल सॉ ही गोल करवत हे काम अर्ध्या मिनिटात उरकते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. कापलेली चकती करवतीच्या पोटात घट्ट रुतून बसते आणि कारागीर स्क्रू ड्रायव्हर, खिळा, हातोडी असं जे हाताला लागेल ते घेऊन तिच्या मागे लागतो. भोक पाडणं हे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं म्हणजे चकती बाहेर काढणं. या अर्ध्या कामासाठी माणसाने हजारो वर्षं डोकं लढवलंय. माळव्यातल्या धार-देवास मुलखातली लोखंडी लाट (म्हणजे स्तंभ), पंपांचा कारखाना आणि पिथमपूरची वाहननगरी सोबत घेऊन, या चकतीच्या काही चटकदार गोष्टी.

१. धारची लाट: भोकं आहेत, चकत्या नाहीत

धारच्या लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. मशीद दिलावर खानाने १४०५ मध्ये बांधली. स्तंभ त्याहून जुना, परमारांच्या काळातला, बहुधा ११व्या शतकातला. तिन्ही तुकडे जोडले तर लांबी १३ मीटरच्या पुढे जाते आणि वजन सुमारे ७ टन भरतं. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ याच्या जेमतेम निम्म्या उंचीचा आहे. धारच्या स्तंभावर जागोजागी भोकं आहेत, पण ती आरपार जात नाहीत. घडवताना एवढं धूड उचलायला आणि फिरवायला पहारी घालता याव्यात म्हणून ती ठेवली असावीत, असं धातुतज्ज्ञांचं मत आहे. लालबुंद लोखंडात पंच ठोकला की धातू बाजूला दबतो आणि खड्डा पडतो. चकती निघतच नाही, मग अडकणार कशी?

२. अडकण्यामागचं विज्ञान

होल सॉ म्हणजे काठाला दाते असलेला पोलादी पेला. त्याच्या मधोमध पायलट बिट असतं, बहुतेक वेळा पाव इंची. दाते थोडे आत आणि थोडे बाहेर वळवलेले असतात, त्यामुळे चकतीभोवती अगदी बारीक फट राहते. कापताना भुसा त्या फटीत ठासून भरतो. घर्षणाने लाकूड तापतं, त्यातला चीक चिकटतो. पत्रा असेल तर कडेला कंगोरा उठतो. वर पायलट बिट चकतीच्या मधल्या भोकात पक्कं बसलेलं असतं. एवढ्या सगळ्यांनी धरून ठेवल्यावर चकती सुटी होणार तरी कशी?

३. इजिप्तच्या कारागिरांचा होल सॉ

इजिप्तचे पाथरवट साडेचार हजार वर्षांपूर्वी ग्रॅनाइटला गोल भोकं पाडत होते. हत्यार म्हणजे तांब्याची नळी आणि सोबत वाळू. नळी फिरवायची, वाळूचे कण दगड झिजवत जायचे आणि नळीच्या आत दगडाचा दंडगोल उरायचा. तो मुळाशी मोडून काढावा लागे. गिझाला सापडलेला असा एक ग्रॅनाइटचा गाभा फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने अभ्यासला आणि १८८३ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे डेनिस स्टॉक्स या संशोधकाने तांब्याची नळी आणि वाळू घेऊन ग्रॅनाइटला भोक पाडून दाखवलं. टाकाऊ म्हणून फेकलेल्या त्या गाभ्यांमुळेच आज ती पद्धत आपल्याला कळते.

४. कवटीची चकती आणि हिप्पोक्रेटिसचा सल्ला

डोक्याला मार लागल्यावर कवटीचा गोल तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया फार पुरातन आहे. ग्रीक वैद्यकातल्या हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथात गोल करवतीच्या वापराबद्दल दोन सूचना आहेत. पहिली, करवत पुन्हा पुन्हा बाहेर काढून थंड पाण्यात बुडवा, कारण हाड तापतं. दुसरी, अगदी शेवटपर्यंत कापू नका. थोडं हाड राहू द्या, तुकडा आपला आपण सुटेल. आजही होल सॉ चालवणाऱ्याला हेच सांगितलं जातं: मध्येमध्ये बाहेर काढा, थंड होऊ द्या, भुसा झाडा. दोन हजार वर्षांहून जुना सल्ला अजून शिळा झालेला नाही.

५. पेल्याच्या बाजूला जिना

जुन्या होल सॉच्या भिंतीला एखादं लहान गोल छिद्र असायचं. त्यातून खिळा घालून चकती ढकलायची. चकती थोडी हलायची आणि छिद्राच्या पुढे गेली की पुन्हा अडकायची. आता भिंतीला लांब खाचा देतात. त्यातली सर्वांत हुशार रचना जिन्यासारखी. लेनॉक्स कंपनीचा ‘स्पीड स्लॉट’ या प्रकारचा आहे. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घालायचा, पायरीवर टेकवायचा आणि दाबायचं. चकती सरकली की पुढच्या पायरीवर टेका घ्यायचा. तरफेचं हे साधं तत्त्व शाळेतच शिकवतात. इथे फक्त टेकूची जागा चकतीसोबत पुढे सरकते. याच खाचांतून भुसाही बाहेर पडतो, त्यामुळे कापणं थंड आणि वेगात होतं. एका खाचेत दोन फायदे!

६. स्प्रिंग: छोटी वस्तू, मोठं काम

पायलट बिटावर एक जाड स्प्रिंग चढवायची, बस्स! करवत आत जाते तशी चकती स्प्रिंग दाबत जाते. कापून झाल्यावर करवत मागे ओढली की दबलेली स्प्रिंग चकतीला बाहेर लोटते. पातळ पत्रा, प्लायवूड आणि प्लास्टिक यांच्यासाठी ही युक्ती उत्तम. जाड लाकडात मात्र तिचा जोर कमी पडतो, कारण पेल्यात जागाच थोडी असते. नेहमीचा होल सॉ एका दमात साधारण ४० ते ५० मिलिमीटर खोलच जातो, आणि त्यातच चकती आणि स्प्रिंग दोघींना मावायचं असतं.

७. चकती तिथेच, पेलाच मागे

सगळे जण चकतीला पेल्याबाहेर ढकलत होते, तेव्हा कुणीतरी उलटा विचार केला: पेलाच मागे सरकवला तर? ‘स्पायडर’सारख्या कंपन्यांच्या आर्बरमध्ये, म्हणजे करवत ड्रिलला जोडणाऱ्या दांड्यात, खटका दाबला की करवत मागे सरकते, पायलट बिट लांब बाहेर दिसू लागतं आणि चकती त्याच्यावर उघडी पडते. मग ती हाताने ओढून काढायची. हातमोजा मात्र हवाच, कारण ताजी चकती चांगलीच चटका देते.

८. पोलादासाठी खास हत्यार

जाड पोलादात साधा होल सॉ दमतो. तिथे ‘ॲन्युलर कटर’ लागतो. अमेरिकेतल्या मिशिगनच्या हूगेन कंपनीने तो नावारूपाला आणला. चुंबकाने गर्डरला चिकटणाऱ्या ड्रिल मशीनवर तो लावतात. गंमत हिशेबात आहे. समजा ५० मिलिमीटरचं भोक हवं आहे आणि कटरची भिंत ४ मिलिमीटर जाड आहे. मग भोकातल्या एकूण धातूपैकी जेमतेम २९ टक्के धातूचाच चुरा करावा लागतो. उरलेला ७१ टक्के अखंड गोळा होऊन बाहेर येतो. त्याला ढकलायला कटरच्या मधोमध स्प्रिंगवरची पिन असते. सुरुवातीला हीच पिन केंद्र दाखवते, वर दबल्यावर थंडावा देणाऱ्या तेलाला वाट करून देते आणि शेवटी गोळा बाहेर फेकते. म्हणूनच उंचावर काम चालू असताना खाली कुणी उभं राहायचं नाही. तो तापलेला गोळा सुसाट येतो.

९. पिथमपूर: पत्र्याच्या टिकल्या वर आल्या की घोटाळा

धार जिल्ह्यातलं पिथमपूर हे वाहन उद्योगाचं मोठं केंद्र आहे. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर इथेच बनायची आणि फोर्स मोटर्सचा कारखानाही इथेच आहे. वाहनाच्या पत्र्याला भोकं पाडायला करवत नाही, प्रेस वापरतात. पंच खाली येतो, पत्र्याची टिकली डायमधून (खालच्या साच्यातून) खाली पडते. पण कधी कधी तेलामुळे किंवा हवेच्या ओढीमुळे ती पंचाला चिकटून वर येते आणि पुढच्या पत्र्यावर पडून त्याला डाग देते. जगभरच्या प्रेस शॉपना सतावणारं हे दुखणं आहे. उपाय ओळखीचे: पंचाच्या पोटात स्प्रिंगवरची पिन, पंचाच्या तोंडाला उतार, आणि डायचं भोक खाली रुंद होत जाणारं, म्हणजे टिकली अडकत नाही. होल सॉ असो वा शेकडो टनांची प्रेस, स्प्रिंग तीच.

१०. देवास: भोक आधी, लोखंड नंतर

किर्लोस्कर ब्रदर्सचा देवासला पंपांचा कारखाना आहे. पंपाचं बाहेरचं कवच आतून वळणदार आणि पोकळ असतं. ती पोकळी कुठल्याही करवतीने कापता येणार नाही. म्हणून ओतकामात पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा आधी साच्यात ठेवतात आणि वितळलेलं लोखंड त्याच्याभोवती ओततात. लोखंड थिजलं की प्रश्न पुन्हा तोच: आतला गाभा काढायचा कसा? त्याचं उत्तर फार सुंदर आहे. वाळू घट्ट धरणारा चिकट पदार्थ असा निवडतात, की ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेनेच तो जळून जातो. गाभा ओतताना भक्कम राहतो आणि नंतर ठोकल्यावर भुसभुशीत होऊन गळून पडतो. काढायची सोय बनवतानाच केलेली असते.

११. जिथे चकतीच मोलाची

काही ठिकाणी भोक दुय्यम आणि गाभाच सोनं ठरतो. धार आणि देवास ज्या माळव्याच्या पठारावर वसलेत, तिथल्या काळ्या खडकाचे थर आणि सह्याद्रीचा खडक एकाच दख्खनी लाव्ह्याच्या कुळातले. ११ डिसेंबर १९६७ ला सह्याद्रीतल्या कोयनेत मोठा भूकंप झाला. त्या परिसरातल्या भूकंपांचं मूळ शोधायला तिथे खोल भोकं पाडली गेली. त्यातलं एक सुमारे ३ किलोमीटर खोल आहे. काळ्या खडकाचे थर सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत जातात आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागतो. अशा कामात खडकाचा गाभा सुटता कामा नये, म्हणून नळीच्या तळाशी चिरलेली निमुळती कडी असते. नळी वर ओढली की ती गाभ्याला आवळते. होल सॉचं कोडं इथे नेमकं उलटं सुटतं.

इमारतीच्या काँक्रीटबद्दल शंका आली तरी गाभाच साक्षीदार होतो. भारतीय मानक आयएस ४५६ : २००० नुसार किमान ३ गाभे तपासावे लागतात. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकाचीही ७५ टक्क्यांच्या खाली चालत नाही.

१२. खर्च न करता चकती सोडवा

- ड्रिलचा प्लग किंवा बॅटरी आधी काढा. मगच करवतीला हात लावा.
- पायलट बिट पलीकडे दिसलं की थांबा, फळी उलटी करा आणि दुसऱ्या बाजूने कापा. चकती पेल्याबाहेर डोकावते, पटकन धरता येते आणि फळीच्या कडाही फाटत नाहीत.
- चकती आतच रुतली असेल तर तिच्यात समोरासमोर दोन लांब स्क्रू पिळा. त्यांची टोकं पेल्याच्या तळाला टेकली की पुढच्या प्रत्येक फेऱ्याला चकती वर उचलली जाते.
- कापायच्या रेषेला आतून लागून, चकतीच्या भागात एक लहान भोक आधीच पाडा. भुसा त्यातून खाली जातो, करवत तापत नाही.
- कपाटाच्या ऑटो हिंजसाठी लागणारं ३५ मिलिमीटरचं भोक होल सॉने पाडूच नका. ते आरपार नसतं. तिथे फोर्स्टनर बिट वापरा. ते सगळं लाकूड तासून काढतं, चकती उरत नाही.
- निघालेल्या लाकडी चकत्या फेकू नका. मधोमध भोक आयतंच असतं, मुलांच्या गाडीला झकास चाकं होतात.

दुकानात होल सॉ घेताना सगळे दाते बघतात. दाते तर बघाच. ८ टक्के कोबाल्ट असलेल्या एम-४२ पोलादाचे दाते असलेली बायमेटल करवत टिकाऊ असते. पण पेला हातात घेऊन आडवा धरा आणि भिंतीकडेही बघा. खाच लांब आहे का? तळापर्यंत पोचते का? स्क्रू ड्रायव्हर टेकवायला पायरी आहे का? ज्याने ही खाच नीट दिली, त्याने दुकानात चमकणाऱ्या हत्याराचा नाही, तर दिवसभर भोकं पाडून हात भरून आलेल्या कारागिराचा विचार केलेला असतो. चार पैसे जास्त पडले तरी तोच होल सॉ घ्या.