पंचेचाळीस अंशांतला पाइप

6 इंची पाइपचे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून, मधे जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची फट ठेवून टॅक मारलेले, म्हणजे तात्पुरत्या टाक्यांनी जोडलेले. ते धूड पंचेचाळीस अंशांत तिरकं धरून स्टँडला घट्ट आवळलेलं. आता पाइप फिरवायचा नाही. फिरायचं ते वेल्डरने: उकिडवं बसून डोक्यावरचं वेल्डिंग, मग गुडघ्यांवर उठून बाजूचं, शेवटी पाइपवर ओणवं होऊन वरचं. एकाच सांध्यात सगळ्या दिशा येतात. फॅब्रिकेशनच्या धंद्यात या परीक्षेला ‘सिक्स-जी’ म्हणतात. सपाट प्लेटवरच्या वन-जीपासून सुरू होणाऱ्या चढणीतला हा अवघड टप्पा. ‘सिक्स-जी पास’ हे शब्द नावामागे लागले की वेल्डरचा रोजाचा भाव बदलतो.

खरी परीक्षा पहिल्याच फेरीत असते. तिला ‘रूट’ म्हणतात. पाइपच्या आत धातू नीट उतरला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. आत डोकावायला जागाच नसते. वेल्डर बघतो ते रॉडच्या टोकापुढे उघडणारं एक छोटं भोक. त्याचं नाव ‘की-होल’. ते मोठं झालं तर धातू आत ओघळतो, मिटलं तर मुळाशी सांधा कच्चा राहतो. हात एका लयीत ठेवून ते भोक तेवढ्याच आकाराचं पुढेपुढे नेत जायचं. जुने मिस्त्री कानही लावून असतात: आर्क आरपार जात असली की तिचा आवाज बदलतो.

रूटसाठी बहुधा 6010 रॉड घेतात, वरच्या थरांना 7018. हे आकडे उगीच नाहीत. 70 म्हणजे दर चौरस इंचाला 70,000 पौंडांची ताणशक्ती, आणि शेवटच्या 8 मधून कळतं की रॉडवरचा लेप कमी हायड्रोजनचा आहे. हा लेप पावसाळ्यातल्या पापडासारखा सादळतो. सादळलेला रॉड तसाच वापरला की ओलाव्यातला हायड्रोजन गरम धातूत शिरतो, आणि सगळं थंड झाल्यावर, कधी कधी तर दुसऱ्या दिवशी, चीर जाते. म्हणून हे रॉड 300 ते 350 अंशांवर भट्टीत शेकून घ्यायचे आणि लागतील तसे गरम डब्यातून काढायचे. रॉड शेकायची भट्टी कोपऱ्यात धूळ खात पडलेली दिसली, की त्या शेडमधल्या बाकीच्या कागदांवर माझा विश्वास बसत नाही.

सांधा पुरा झाला की तो आडवा कापून पट्ट्या काढतात. प्रत्येक पट्टी प्रेसमध्ये घालून इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवतात, काही रूटची बाजू बाहेर ठेवून, काही वरची. ताणलेल्या पाठीवर तीन मिलिमीटरहून मोठी फट उघडली की नापास. काही ठिकाणी पट्ट्या न कापता सांध्याची रेडिओग्राफी करतात. मला मात्र वाकवणंच जास्त प्रामाणिक वाटतं. फिल्मवरच्या सावलीवरून वाद घालता येतो, तुटलेल्या पट्टीवरून नाही.

मग कागद होतो. जगभरातल्या रिफायनऱ्या आणि प्रेशर व्हेसलचे कारखाने ज्या अमेरिकन संहितेवर चालतात, त्या एएसएमईच्या ‘सेक्शन नाइन’नुसार या कागदावर लिहिलेलं असतं की हा माणूस अमुक पद्धतीने, अमुक जाडीपर्यंत, अमुक व्यासापासून पुढे वेल्डिंग करू शकतो. त्या पद्धतीचं काम सहा महिने हातून झालं नाही, तर पात्रता संपली. हेही मला पटतं. सुटलेला सराव हाताला लगेच कळतो.

पटत नाही ती पुढची गोष्ट. ही पात्रता देते कंपनी, आणि जबाबदारीही कंपनीचीच. त्यामुळे सहसा ती त्या कंपनीच्या फाटकाबाहेर चालत नाही. पंधरा वर्षं पाइप जोडलेला माणूस ठेकेदार बदलून दुसऱ्या प्रकल्पावर गेला की पुन्हा तोच पंचेचाळीस अंशांतला पाइप त्याची वाट बघत असतो. मालकाच्या बाजूने यात अर्थ आहे: दुसऱ्याच्या सहीवर आपली भट्टी कोण पेटवील? पण वेल्डरच्या बाजूने बघितलं, तर त्याच्या हातातली विद्या त्याची आणि तिचा दाखला दुसऱ्याचा.

बॉयलरची गोष्ट वेगळी. 1863 साली कोलकात्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालने त्यावर कायदा केला. 1923 साली तो देशभरासाठी झाला आणि आता त्याच्या जागी 2025 चा कायदा आला आहे. त्याच परंपरेतल्या ‘आयबीआर’ नियमांखाली बॉयलरवर काम करणाऱ्या वेल्डरची परीक्षा सरकारी यंत्रणा घेते. आपल्याकडे हे काम बाष्पके संचालनालयाचं. हा दाखला वेल्डरच्या नावाचा असतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ‘आयबीआर वेल्डर’ या शब्दाला म्हणूनच वजन आहे. गळीत संपून कारखाना थंडावला की त्यांना बोलावणी येतात. झिजलेल्या ट्यूब बदलून दिवाळीच्या आगेमागे बॉयलरचं अग्निप्रदीपन होईपर्यंत त्यांना उसंत नसते.

वाफेला आपण भ्यायलो म्हणून तिथे इतकी तपासणी आली. छपराला आपण तेवढे भीत नाही. मंगल कार्यालय, शाळेची शेड, बाजार समितीचं गोदाम, यांच्या लोखंडी कैच्या रस्त्याकडेच्या शेडमध्ये बनतात, आणि तिथल्या पोराने होल्डर हातात कसा धरला हे कुणी विचारत नाही. भारतीय मानकं आहेत. वेल्डरच्या परीक्षेसाठी 7310 आणि प्रशिक्षणासाठी 817 आहे. रेल्वे पुलाचा गर्डर असेल तर ती पाळावीच लागतात, कारण तिथे विचारणारा असतो. गावच्या कैचीला विचारणारा ग्राहक, आणि त्याचा प्रश्न एकच: किलोला काय भाव? वेल्डिंग चकचकीत दिसलं, वर लाल प्राइमर चढला, की काम पास.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. चौकशी समितीने जी कारणं दिल्याचं वर्तमानपत्रांत आलं, त्यांत गंज होता, आतली कमकुवत चौकट होती आणि सदोष वेल्डिंगही होतं. तेव्हा चर्चा शिल्पाची झाली, वाऱ्याची झाली, राजकारणाची तर झालीच. आतली ती चौकट जोडणाऱ्या हातांनी कुठली पट्टी वाकवून दाखवली होती का, हा प्रश्न चहाच्या टपरीवरही मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

साखर कारखान्यात कधी गेलात तर बॉयलरच्या सांध्यांजवळ ठोकलेला वेल्डरचा ओळख-नंबर शोधा. सांधा फुटला तर कोणाला बोलवायचं, हे त्या नंबरावरून कळतं. मग पलीकडच्या गोदामात जा आणि पोत्यांच्या थप्प्यांवरून मान वर करून कैच्या बघा. तिथे ठेकेदाराचा फोन नंबर मात्र मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो.