रॉकेट प्रक्षेपणाचे वार्तांकन : परकीय वार्ताहरांवरील प्रवेशनिर्बंध

रॉकेट प्रक्षेपणाचे वृत्त प्रत्यक्ष स्थळावरून देण्यासाठी परदेशातून येणाऱ्या वार्ताहरास यजमान देशाकडून ज्या अनुज्ञा मिळवाव्या लागतात, त्यांविषयीचे नियम व प्रथा यांचा समावेश या निर्बंधांत होतो. त्यांचे दोन प्रकार आहेत : पहिला देशप्रवेशाचा, म्हणजे व्हिसाचा, आणि दुसरा स्थलप्रवेशाचा, म्हणजे प्रक्षेपण केंद्राच्या आवारात पाऊल ठेवण्याचा. दोहोंमागील कायदे व हेतू भिन्न असून एक अनुज्ञा मिळाल्याने दुसरी आपोआप मिळत नाही.

महाराष्ट्रात उपग्रह-प्रक्षेपण केंद्र नाही. तथापि वरील दोन्ही प्रकारचे निर्बंध ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या एकाच लोहमार्गावरील सलग शहरांत पहावयास मिळतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधमधून भेटीस येणाऱ्या आप्तांचा व्हिसा ठरावीक शहरांपुरताच असे व पोलिसांकडे नोंद करावी लागे, हा तेथील अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. (एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठीची व्हिसासेवा स्थगित केली.) पुढच्याच अंबरनाथ स्थानकाजवळ आयुधनिर्माणी, यंत्रसामग्री आद्यरूप कारखाना आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिरास परकीय पर्यटक साध्या व्हिसावर भेट देऊ शकतो; मात्र त्याच गावातील या संस्थांच्या फाटकाशी त्या व्हिसाचा उपयोग संपतो. बदलापूरकडे जाणारा रस्ता व गाडी मात्र सर्वांना खुली असते. निर्बंध गावाला नसून भिंतीआडच्या जागेला असतो. प्रक्षेपण केंद्राच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते.

कायदेशीर चौकट : भारतात वृत्तसंकलनासाठी येणाऱ्या परकीय नागरिकास वार्ताहर-व्हिसा घ्यावा लागतो, पर्यटक-व्हिसावर हे काम करता येत नाही. परकीय नागरिकांचा प्रवेश, वास्तव्य व संचार यांचे नियमन दीर्घकाळ १९४६ च्या अधिनियमाने होत असे. आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ हा त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींनाही सूट नाही. ओ.सी.आय. कार्डधारकास वृत्तव्यवसायासाठी विशेष अनुज्ञा घ्यावी लागते, हे ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने स्पष्ट झाले. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी वार्ताहर मायदेशी आप्तांना सहज भेटू शकत असला, तरी प्रक्षेपणाचे वृत्त देण्यासाठी त्याला स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

स्थलप्रवेशामागे मुख्यतः शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा कायदा आहे. त्यातील ‘निषिद्ध स्थान’ या संज्ञेत संरक्षणविषयक बांधकामे, शस्त्रागारे, कारखाने, गोद्या इ. येतात. देशाच्या सुरक्षिततेस बाधक हेतूने अशा स्थानाजवळ जाणे वा त्याचे रेखाचित्र काढणे हा गुन्हा ठरतो. ‘रेखाचित्र’ या शब्दात छायाचित्राचाही अंतर्भाव आहे. हेतूचा प्रश्न पुढे न्यायालयात येतो. कॅमेरा मात्र फाटकावरच थांबतो.

भारतातील वाटचाल : केरळमधील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले संशोधक रॉकेट उडाले. ते अमेरिकन बनावटीचे होते व त्यातील सामग्री फ्रेंच होती. हे केंद्र २ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधींनी संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले. त्यामुळे परकीयांची उपस्थिती हा तेथील कार्यक्रमाचाच भाग होता. श्रीहरिकोटा बेटावरून १९७१ पासून उड्डाणे सुरू झाली व १८ जुलै १९८० रोजी भारतीय बनावटीच्या एसएलव्ही-३ रॉकेटाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. या काळात थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक वसंत गोवारीकर होते. वालचंदनगरच्या कारखान्यासारख्या महाराष्ट्रातील उद्योगांनीही रॉकेटांचे भाग पुरविले. उपग्रह कक्षेत नेणारे तंत्र क्षेपणास्त्रासही उपयोगी पडू शकत असल्याने मोकळेपणा कमी होणे स्वाभाविक होते. १९८७ मध्ये अशा तंत्राच्या देवघेवीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले आणि १९९२ मध्ये अमेरिकेने शीतजनित एंजिनाच्या व्यवहारावरून इस्रोवर निर्बंध घातले.

संशय किती हानी करू शकतो, हे १९९४ च्या कथित हेरगिरी प्रकरणात दिसले. तिरुअनंतपुरम येथे व्हिसाची मुदत उलटून राहिल्याच्या कारणावरून मालदीवच्या एका महिलेस अटक झाली. त्यातून शीतजनित एंजिनाची गुपिते विकल्याचा आरोप उभा राहून शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना कारावास भोगावा लागला. १९९६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोप निराधार असल्याचे म्हटले व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना ५० लाख रुपये भरपाई देवविली.

कालमर्यादेची अडचण : व्हिसा व प्रवेशपत्र दिनांकाशी बांधलेले असतात, प्रक्षेपण मात्र यंत्रणेची सिद्धता व हवामान यांवर अवलंबून असते. १९ ऑगस्ट २०१३ रोजी जीएसएलव्ही-डी५ चे उड्डाण इंधनगळतीमुळे अखेरच्या दोन तासांत रद्द झाले व ५ जानेवारी २०१४ रोजी पार पडले. चांद्रयान-२ चे उड्डाण १५ जुलै २०१९ ऐवजी २२ जुलैला झाले. स्थानिक वार्ताहर घरी परतून पुन्हा येऊ शकतो. परदेशी वार्ताहरास प्रवासखर्चाबरोबरच अनुज्ञेची मुदतही पहावी लागते. श्रीहरिकोटा येथे २०१९ मध्ये प्रेक्षकसज्जा खुली झाली. तेथून उड्डाण दिसते, पण शास्त्रज्ञांना प्रश्न विचारता येत नाहीत. दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचीही मर्यादा तीच आहे.

अन्य देश : अमेरिकेत परकीय वार्ताहरास वेगळ्या वर्गाचा व्हिसा लागतो. नासाकडे नोंदणी करण्याची त्याची मुदत अमेरिकन वार्ताहरांच्या आधी संपते, कारण छाननीस अधिक वेळ लागतो. चीनशी द्विपक्षीय सहकार्यास मनाई करणारी तरतूद २०११ मध्ये झाल्यावर त्याच वर्षी चिनी वार्ताहरांना एंडेव्हर यानाच्या उड्डाणाचे वार्तांकन करू दिले गेले नाही; त्या यानातील उपकरणाच्या निर्मितीत चिनी शास्त्रज्ञांचाही वाटा होता. सोव्हिएट संघात गुप्तता याहून कडक होती. तेथील प्रक्षेपण केंद्रास दिलेले बैकोनूर हे नावच मुळी दूरच्या दुसऱ्या गावाचे होते.

परिणाम : यशस्वी उड्डाणाचे वृत्त अधिकृत पत्रकावरूनही देता येते, वार्ताहराच्या उपस्थितीचे मोल अपयशाच्या वेळी कळते. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बैकोनूर येथे क्षेपणास्त्राचा स्फोट होऊन मार्शल नेडेलिन यांच्यासह अनेक जण मृत्युमुखी पडले. नेडेलिन विमान-अपघातात वारल्याचे जाहीर करण्यात आले व खरी हकिकत सोव्हिएट वाचकांना १९८९ मध्ये कळली. याउलट २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाले. त्याच वर्षी चौकशी आयोगाने थंडीमुळे निकामी झालेल्या रबरी कड्यांचा दोष उघडपणे मांडला.

एंजिनाची रचना, इंधनाचे घटक व मार्गनिर्देशन यांविषयीची गुप्तता समर्थनीय आहे. मात्र प्रक्षेपण झाले की फसले, कोणाला इजा झाली आणि सार्वजनिक पैशाचे काय झाले, ही माहिती त्या गुप्ततेत मोडत नाही. कारखान्याची भिंत आवश्यक असली, तरी तिच्याबाहेर काम करणाऱ्याला आधी कळलेले नियम, ठरलेल्या मुदतीत मिळणारे उत्तर व नकाराचे कारण मिळणे शक्य असते. उड्डाण लांबल्यास अनुज्ञेची मुदत वाढवून देणारी तरतूद हा त्या दृष्टीने सर्वांत साधा उपाय ठरेल.