प्रोसेसर शंभरवर, ग्राफिक्स कार्ड निवांत: नवं कार्ड विकण्याआधी एवढं तपासा



मागच्या शनिवारी एक कॉलेजचा पोरगा दुकानात आला. हातात सीपीयू, खिशात पंचवीस हजार. वर्षभर डिलिव्हरीची कामं करून जमवलेले. म्हणाला, "दादा, जीटीए फाइव्ह अडकतोय. कार्ड बदलायचंय, चांगलं काढा."

शनिवारची गर्दी, आयतं गिऱ्हाईक. कार्ड काढून काउंटरवर ठेवलं असतं तर दहा मिनिटांत बिल झालं असतं. खरं सांगतो, हात शेल्फकडे गेला होता. पण आधी मशीन लावून बघितलं. रायझन ३ ३२००जी, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर. गेम चालू केला तर प्रोसेसर ९८-१०० टक्के आणि कार्ड चाळिशीत लोळतंय.

हे असं का होतं? वडापावची गाडी डोळ्यासमोर आणा. प्रोसेसर वडे वळून देतो, कार्ड म्हणजे कढई. वळणाऱ्याचे हातच पुरत नसतील तर कढई रिकामी उकळत बसणार. मोठी कढई आणली तरी वडे तेवढेच. गेममधली माणसं, गाड्या, टक्कर यांचा हिशोब प्रोसेसर करतो, तो झाल्यावर कार्ड चित्र काढतं.

पहिली गोष्ट, मॉनिटरची वायर बघा. हसू नका! ३२००जीमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं, त्यामुळे वायर मदरबोर्डला लावली तरी स्क्रीन चालू होऊ शकते आणि विकत घेतलेलं कार्ड बसून राहतं. या पोराची वायर बरोबर होती.

मग खरी परीक्षा. व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट बंद करा, रिझोल्युशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. एफपीएस चांगले वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जवळपास तेवढेच राहिले तर अडचण प्रोसेसरच्या बाजूला. इथे फरक जेमतेम दोन-तीनचा. एक फसगत मात्र लक्षात ठेवा: टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ५० टक्के दिसला म्हणजे तो मोकळा आहे असं नाही. ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा, एखादा कोअर एकटाच पूर्ण भरलेला दिसेल. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा त्या एकावरच असतं.

तिथेच स्पीड बघा. ३२००जीचा बेस ३.६ गिगाहर्ट्झ. लोडवर त्याच्या खाली घसरत असेल तर धूळ काढा, पेस्ट बदला. मशीन तापलंय.

आता रॅम. इथे बरेच दुकानदार चुकतात, मीही चुकलोय. एकच काडी लावली की रॅम सिंगल चॅनलवर चालते आणि प्रोसेसर डेटासाठी ताटकळतो. त्यात ही ३२००ची रॅम २४०० वर चालत होती, कारण बायोसमध्ये एक्सएमपी कोणी चालूच केलं नव्हतं. तशीच दुसरी ८ जीबी घातली आणि २९३३ वर सेट केली. या प्रोसेसरला कंपनीनेच तेवढी मर्यादा सांगितली आहे. गेममध्ये पॉप्युलेशन डेन्सिटी आणि एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग खाली आणलं, कारण हे दोन्ही प्रोसेसरला दमवतात. झटके बरेच कमी झाले.

पूर्ण गेले नाहीत. चार कोअर, चार थ्रेड, आणखी किती ओढणार? मग त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसवला, सहा कोअर, बारा थ्रेड. जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अपडेट करा, नंतर नवा लावा. उलटं केलंत तर काळी स्क्रीन बघत बसाल. बोर्ड कंपनीच्या साइटवरची सपोर्ट लिस्टही आधी बघा.

बिल कार्डापेक्षा बरंच कमी झालं. पण कार्ड विकलं असतं तर तीन दिवसांत तोच पोरगा "दादा, अजून अडकतोय" म्हणत दारात उभा राहिला असता, आणि तेव्हा मी काय सांगणार होतो? तपासणीचे ३०० रुपये मी आता आधीच सांगून घेतो, माल घेतला तर बिलात वळते करतो. फुकट तपासू नका, तुमचा अर्धा तास जातो.

मंगळवारी त्याचा मित्र आला. तीच परीक्षा घेतली, ७२०पीवर एफपीएस जवळजवळ दुप्पट झाले. त्याला कार्ड विकलं.