ग्रंथालयांचें गोत



विद्यापीठाचें ग्रंथालय म्हटलें कीं, एक भव्य इमारत, तींत उंच कपाटें आणि कपाटांत पुस्तकें, एवढेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. वस्तुस्थिति निराळी आहे. तें एक घर नसून एक गोत असतें. मध्यवर्ती ग्रंथालय, निरनिराळ्या विभागांचीं लहान ग्रंथालयें, संलग्न महाविद्यालयांचीं ग्रंथालयें आणि या सर्वांच्या पोटांत जपून ठेवलेले विशेष संग्रह, अशीं चार नातीं त्यांत येतात. मी जन्मभर शाळामास्तर होतों. मॅट्रिकच्या पुढें माझें शिक्षण नाहीं. तरीही या गोताशीं माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाचा, व आपणां सर्वांचा, जवळचा संबंध आहे, हेंच आज मला सांगावयाचें आहे.

आपल्या नागपूरचेंच उदाहरण घेऊं. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजीं झाली. सर बिपिनकृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरु. २००५ सालापासून या विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव आहे. परंतु येथील हिस्लॉप कॉलेज १८८३ चें आणि मॉरिस कॉलेज १८८५ चें. म्हणजे लेकी वडील आणि आई धाकटी, असा हा प्रकार! हीं कॉलेजें आधीं कलकत्ता व मागाहून अलाहाबाद विद्यापीठास जोडलेलीं होतीं. त्यांचीं कपाटें भरूं लागलीं, तेव्हां नागपूर विद्यापीठाचा जन्महि झाला नव्हता. यामुळें येथील ग्रंथालयांचें जाळें एका खोडाला फांद्या फुटाव्या तसें वाढलेलें नाहीं. निरनिराळे ओहोळ उशिरानें एका पात्रांत आले आहेत.

पुढें या पात्राला फाटेहि फुटले. १९४६ सालीं सागर विद्यापीठ निघालें, १९८३ सालीं अमरावतीचें निघालें, आणि २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें. विद्यापीठाचें क्षेत्र असें वांटतां येतें; ग्रंथसंग्रहाची वांटणी मात्र शेतासारखी बांध घालून करतां येत नाहीं. गडचिरोलीच्या अभ्यासकाला आपल्याच जिल्ह्यावरचा जुना प्रबंध पाहावयाचा झाला, तर तो नागपुरास सादर झालेला असण्याचा संभव अधिक. मग हीं विखुरलेलीं घरें एकमेकांशीं बोलावींत कशीं?

त्याचें उत्तर एका शब्दांत आहे: सूचि. ग्रंथालयांत आलेलें पुस्तक प्रथम दाखल नोंदवहींत चढतें व त्यास अनुक्रमांक मिळतो. नंतर विषयाप्रमाणें वर्गांक मिळतो. अमेरिकेच्या मेल्व्हिल ड्यूई यांनीं १८७६ सालीं दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केलें, तर आपल्या मद्रासच्या डॉ. रंगनाथन् यांनीं १९३३ सालीं द्विबिंदु वर्गीकरण दिलें. शेवटीं ग्रंथकार, ग्रंथनाम व विषय यांवरून शोधतां येईल अशी नोंद सूचींत होते. चुकीच्या फळीवर ठेवलेलें पुस्तक हरवल्यांतच जमा समजावें; पण जें सूचींत चढलेंच नाहीं, तें तर जन्मालाच आलें नाहीं. आतां या सूची संगणकावर आल्या आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेनें देशांतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांना एकत्र जोडण्याचें काम हातीं घेतलें असून तिच्या ‘शोधगंगा’ या भांडारांत प्रबंध घरबसल्या वाचावयास मिळतात.

आतां विशेष संग्रहांकडे वळूं. हस्तलिखित पोथ्या, दुर्मिळ छापील ग्रंथ, जुनीं वृत्तपत्रें आणि एखाद्या विद्वानानें मागें ठेवलेला संपूर्ण ग्रंथसंग्रह, हे यांत मोडतात. हे ग्रंथ घरीं नेऊं देत नाहींत. ग्रंथपालाच्या समोर बसून वाचावे लागतात. पुष्कळांस ही अडवणूक वाटते. परंतु बाजारांतलें पुस्तक फाटलें तर दुसरें आणतां येतें. एकुलती एक पोथी गेली ती गेलीच.

अशा पोथ्यांचें मोल काय, याचा दाखला आपल्या विदर्भांतच आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत एकत्र केल्या, तें ‘लीळाचरित्र’. मराठी गद्याचा हा आद्य ठेवा. परंतु महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असल्यामुळें पंथाबाहेर त्या कोणास वाचतां येईनात. मराठी वाङ्मयाचा उगम सांगणाऱ्यांना हें सारें दालन शतकानुशतकें बंद होतें. विसाव्या शतकांत तें उघडलें. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे, नागपूरचे हरि नारायण नेने यांच्यासारख्यांनीं पोथ्या मिळवून त्यांवर परिश्रम केले. आणि पुढें नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु झालेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनीं संपादिलेलें ‘लीळाचरित्र’ १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. एका पोथींतील चूक दुसरीवरून कळते. म्हणून संपादकाला एक पोथी पुरत नाहीं, अनेक लागतात. मठांतून व घरांतून त्या कोणीतरी राखल्या, म्हणूनच हें झालें.

पोथी कोणाकडे आहे, एवढें कळणें हेंहि मोठें काम आहे. रायबहादुर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडांतील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूचि १९२६ सालीं नागपुरास छापली गेली. त्या सुमारास कारंजाच्या जैन भांडारांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि १९३१ सालीं पुष्पदंत कवीचें अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ कारंजा ग्रंथमालेंत छापून निघालें. दहाव्या शतकांतला कवि असा हजार वर्षांनीं वाचकांस भेटला.

येथें एक चमत्कार सांगण्यासारखा आहे. तीनशें वर्षांची पोथी पुष्कळदां धडधाकट असते, आणि शंभर वर्षांपूर्वींचें वर्तमानपत्र हात लावतांच पापडासारखें मोडतें. कारण असें कीं, जुना कागद चिंध्यांच्या लगद्यापासून हातानें करीत आणि शाई काजळाची असे. तिनें कागदास इजा होत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला; त्यांतील आम्ल त्याला आंतून जाळीत राहतें. नागपूरचा वैशाख व त्यामागून येणारी पावसाळी दमट हवा या नाशाला हातभारच लावतात. म्हणून १९११ पासून निघणाऱ्या ‘हितवाद’सारख्या पत्राचा जुना अंक पोथीपेक्षां अधिक तांतडीनें जपावा लागतो, आणि त्याचें छायाचित्रण आधीं करावें लागतें.

आतां आपल्याकडचें काम. महाल-सीताबर्डीच्या जुन्या घरांत माळ्यावर आजोबांचे मोडी कागदांचे रुमाल, पोथ्या, मासिकांच्या फायली अजून असतील. घर पाडावयाचें ठरलें कीं, त्या वजनावर रद्दींत जातात. तसें करूं नये. तथापि सर्व गठ्ठा ग्रंथालयाच्या दारांत नेऊन टाकणें हेंहि दान नव्हे. आधीं यादी करावी. रुमालांची मूळची बांधणी मोडूं नये, कारण कागदांचा क्रम हाहि पुरावाच असतो. कागद कोणाचे, कोठून आले, हें घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. फाटलेलें पान चिकटपट्टीनें जोडूं नये. तिचा चीक कागद खातो. मग ती यादी घेऊन ग्रंथपालास भेटावें. दरम्यान घरांतील एका तरी मुलानें मोडी शिकावी, कारण वाचणारा नसला तर राखलेला कागदहि मुकाच राहतो.

विद्यापीठ पदव्या देतें हें खरें; परंतु ज्याला पदवी नाहीं त्यालाहि त्याच्या ग्रंथभांडारांत भर घालतां येते. आपल्या माळ्यावरचा एक रुमाल सूचींत चढला, तर आपलें घरहि या गोतांतलेंच झालें, असें मी समजेन.