सापळ्यातील पतंग अमेरिकन लष्करी अळीचाच आहे का?

अमेरिकन लष्करी अळी, अर्थात स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, ही मूळची अमेरिका खंडातील कीड. भारतात तिची पहिली नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा येथे मक्यावर झाली. त्याच वर्षी ती तमिळनाडूत आणि सोलापूर जिल्ह्यातही आढळली. डोक्यावरील उलटा ‘वाय’ आणि आठव्या उदरखंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके यांवरून अळी आता बहुतेक शेतकरी ओळखतात. पतंगाची ओळख मात्र अजून कच्चीच आहे.

अळी पोंग्यात दिसेपर्यंत नुकसान सुरू झालेले असते. आगाऊ इशारा कामगंध सापळा देतो, पण त्यात अळी नव्हे, पतंग सापडतो. चेन्नईत माझ्याकडे तपासणीसाठी एकदा एका मका प्लॉटमधील पतंगांची पुडी आली. तिच्यावर ‘सर्व अमेरिकन’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात त्यांतील बरेच देशी लष्करी अळीच्या मिथिम्ना गटातले निघाले. त्या संख्येवर फवारणी ठरली असती, तर खर्च वाया गेला असता.

सापळ्यात केवळ नर येतात, हे आपल्या सोयीचेच आहे. कारण मादीचे पंख फिकट व अस्पष्ट खुणांचे असतात. पंख पसरल्यावर नराची रुंदी ३२ ते ४० मिलिमीटर भरते. करड्या-तपकिरी पुढच्या पंखाच्या टोकाजवळ पांढरट त्रिकोणी डाग आणि मध्यभागी तिरपा, लांबट, गवती रंगाचा ठिपका असतो. मिथिम्ना गटातील पतंग गवती रंगाचे असून त्यांच्या पंखाच्या मध्यावर बारीक पांढरा ठिपका दिसतो. टोकाचा त्रिकोण नसतो. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाच्या पंखांवर पांढऱ्या रेषांचे जाळे असते. मागचा पंख पांढरा आहे, एवढ्यावर निर्णय देऊ नये. तो या पतंगाचाही पांढराच असतो. खरी अडचण भातावरील लष्करी अळीच्या पतंगाची, म्हणजे स्पोडोप्टेरा मॉरिशियाची. भातपट्ट्यालगतच्या मक्यात तो आल्यास नुसत्या डोळ्यांनी खात्री देणे मलाही जमत नाही. तेथे नराच्या जननांगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीच करावी लागते.

पतंग रोज सकाळी गोळा करावेत. पंखांवरील खवले झडले की खुणाही जातात. नमुने बटर पेपरच्या त्रिकोणी पुडीत, तारीख व पीक लिहून पाठवावेत. कापसात गुंडाळू नयेत, तंतू पायांत अडकतात. दोन वेगवेगळ्या किडींचे ल्यूर एकाच हाताने हाताळू नयेत. गंध मिसळून भलतेच पतंग येतात. शंका उरलीच तर पोंग्यातील अळी ओलसर माती घातलेल्या डबीत एकेकटी, ताज्या मक्याच्या पानावर वाढवावी. एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींना खातात. कोषातून पतंग बाहेर पडला की अळी व पतंग यांची जोडी आपल्या हाती येते.